आधी नवऱ्याचा रिपोर्ट

लग्नाला दोन वर्षं होत आली आणि 'गुड न्यूज कधी?' विचारणारे वाढले, की बहुतेक घरांत तपासण्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी सुनेची सोनोग्राफी. मग तिचं थायरॉईड, प्रोलॅक्टिन, एएमएच (बीजं किती शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी). मग पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून फॉलिक्युलर स्टडीसाठी, म्हणजे बीजाची वाढ बघायला, सोनोग्राफी सेंटरच्या फेऱ्या. मग नळ्या उघड्या आहेत का हे बघायला एचएसजी, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून काढलेला एक्स-रे. त्यात अनेकींच्या ओटीपोटात चांगलीच कळ येते. एवढं सगळं पार पडल्यावर कोणीतरी चाचरत म्हणतं, 'एकदा त्याचंही बघून घ्यायचं का?'

वैद्यकाच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. वीर्यतपासणी ही या यादीतली बहुधा सगळ्यात स्वस्त तपासणी. सुई नाही, भूल नाही, रिपोर्टही लवकर मिळतो. आणि मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडच्या कारणाचा पूर्ण किंवा थोडा तरी वाटा असतो. डॉक्टर पहिल्याच भेटीत दोघांच्या तपासण्या लिहून देतात, पण घरी आल्यावर त्यातली एकच चिठ्ठी मागे पडते. 'त्याला काय धाड भरलीय, चांगला धडधाकट आहे!'

धडधाकट असण्याचा इथे फारसा संबंध नाही. शरीरसंबंध नीट होतात, वीर्य भरपूर येतं, म्हणजे पुरुषात दोष नसणार, हा गैरसमज फार पक्का बसलेला आहे. वीर्यातला बहुतांश भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून आलेला द्रव असतो, शुक्राणूंचा वाटा जेमतेम काही टक्के. त्यामुळे वीर्यात एकही शुक्राणू नसला तरी ते दिसायला अगदी नेहमीसारखंच असतं. शंभरातल्या एखाद्या पुरुषाच्या बाबतीत हे खरोखर घडतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय त्याला स्वतःलाही ते कळायची सोय नाही.

रिपोर्ट हातात आला की पुढचा घोळ सुरू होतो तो आकड्यांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शिकेत किमान मर्यादा अशा आहेत: एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यांतले ४२ टक्के हलणारे, आणि आकाराने 'नॉर्मल' असलेले फक्त ४ टक्के. हो, चारच. '९५ टक्के शुक्राणू अबनॉर्मल' असं वाचून हातपाय गाळणाऱ्याचा रिपोर्ट त्या बाबतीत चांगला असतो. या मर्यादा ठरवताना ज्यांच्या पत्नीला वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने घेतले होते आणि त्यांतले तळाचे ५ टक्के जिथे संपतात तिथे रेघ मारली. म्हणजे रेघेच्या खाली असलेलेही काही जण बाप झालेले होते. ही पास-नापासची परीक्षा नव्हे.

शिवाय एका रिपोर्टवर निकाल लावायचा नसतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. दीड-दोन महिन्यांपूर्वी डेंग्यूने फणफणलेल्या माणसाचा काउंट आज पडलेला दिसू शकतो, कारण वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी तापमान लागतं. म्हणून तर ती शरीराबाहेर असतात. सतत भट्टीसमोर काम करणाऱ्यांना याचा त्रास होतो तो यामुळेच. तंबाखू, गुटखा, सिगारेट आज सोडली तर फरक तीनेक महिन्यांनी दिसेल, पुढच्या सोमवारी नाही.

जिमवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण ही चूक करणारे तरुण वाढताहेत. शरीर कमावण्यासाठी घेतलेलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन पौरुष वाढवतं आणि शुक्राणू बंद पाडतं. बाहेरून संप्रेरक मिळतंय म्हटल्यावर मेंदू वृषणांना आदेश देणंच थांबवतो आणि तिथला कारखाना बसतो. इंजेक्शन थांबवल्यावर तो पुन्हा चालू व्हायला कित्येक महिने जातात, कधी वर्षाहून जास्त.

आता दिवसांकडे वळू. 'चौदाव्या दिवशी' हा सल्ला मैत्रिणी देतात, मोबाइलमधली ॲप देतात, कधीकधी घाईतले डॉक्टरही देतात. हिशेब २८ दिवसांच्या पाळीचा आहे, आणि नेमकी २८ दिवसांची पाळी फार थोड्या जणींना येते. २०१९ साली ६ लाखांहून अधिक पाळीचक्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा अंडोत्सर्जनाआधीचा, म्हणजे बीज बाहेर पडण्याआधीचा काळ सरासरी १७ दिवसांचा निघाला. बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बऱ्यापैकी स्थिर असतो, १२ ते १४ दिवस. मागेपुढे होतो तो आधीचा भाग. म्हणजे ३५ दिवसांची पाळी असलेलीने चौदाव्या दिवसावर भिस्त ठेवली, तर तिचं बीज त्यानंतर आठवडाभराने बाहेर पडणार.

त्यातही मौज अशी की बीज बाहेर पडण्याच्या दिवसाची वाट बघत बसणंच चुकीचं आहे. बीज फार तर २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. १९९५ साली अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्या गर्भधारणा झाल्या त्या सगळ्या अंडोत्सर्जनाचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस या सहा दिवसांतल्याच संबंधांतून. अंडोत्सर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून संधी जवळपास शून्य. थोडक्यात, बीजाने शुक्राणूंची वाट बघायची नसते, शुक्राणूंनी आधीच जाऊन थांबायचं असतं. सकाळी थर्मामीटर लावून तापमानाची वाट पाहणाऱ्यांची अडचण हीच आहे: तापमान चढतं ते बीज सुटून गेल्यावर. लघवीतलं एलएच हे संप्रेरक ओळखणारी पट्टी बरी, ती दीड-एक दिवस आधी सूचना देते.

पण खरं सांगायचं तर बहुतेक जोडप्यांना पट्टीचीही गरज नसते. पाळी संपल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवले की सहा दिवसांची ती खिडकी आपोआप सापडते. 'साठवून ठेवावं म्हणजे जोर येतो' ही समजूतही निकालात काढायला हवी. आठ-दहा दिवसांच्या विश्रांतीने संख्या थोडी वाढते, पण त्यांत मरगळलेले, जुने शुक्राणू जास्त. तारखा बघून नवऱ्याला ऑफिसातून बोलावून घेण्याने जे होतं, ते या विषयातल्या कुठल्याच डॉक्टरला नवीन नाही: नेमक्या त्या रात्री त्याला जमत नाही, आणि मग भांडण.

संबंधांनंतर पाय वर करून अर्धा तास पडून राहायचं, कमरेखाली उशी घ्यायची, यानं काही बिघडत नाही आणि काही साधतही नाही. शुक्राणू काही मिनिटांत गर्भाशयमुखातून आत शिरलेले असतात; बाहेर ओघळतं तो उरलेला द्रव. पिकलेली पपई, अननस, 'अंगातली उष्णता' यांनी दिवस जायचे थांबतात याला पुरावा नाही.

'टेन्शन घेऊ नकोस, आपोआप होईल' हे वाक्य मला सगळ्यांत क्रूर वाटतं. मायेने म्हटलं जातं, पण दोष पुन्हा तिच्याच मनावर. २०११ साली आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, घेणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांवरचे १४ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. उपचारांआधी मनावर किती ताण होता, यावरून कोणाला दिवस गेले आणि कोणाला नाही हे ठरलेलं दिसलं नाही. मूल होत नाही म्हणून ताण येतो, हे मात्र कोणीही सांगेल.

वयाबद्दल मात्र आजी-मावश्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत १० ते २० लाख अपक्व बीजं असतात, वयात येईपर्यंत त्यांतली ३-४ लाख उरतात. नवी तयार होत नाहीत. संख्येपेक्षा दर्जा महत्त्वाचा, आणि तो पस्तिशीनंतर वेगाने उतरतो; आपोआप होणाऱ्या गर्भपाताचं प्रमाणही त्यामुळेच वाढतं. इथे एएमएचचा रिपोर्ट दिशाभूल करतो. ती तपासणी शिल्लक किती हे सांगते, बीजं चांगली आहेत का हे नाही. २०१७ साली तीस ते चव्वेचाळीस वयाच्या ७५० स्त्रियांचा अभ्यास झाला, त्यांत एएमएच कमी असलेल्यांनाही इतरांइतक्याच सहजपणे दिवस गेले. केवळ एका आकड्यावरून पंचविशीतल्या मुलीला 'लगेच आयव्हीएफ करा' असं कोणी सांगितलं, तर दुसरा डॉक्टर गाठावा.

आयव्हीएफ हा खात्रीचा शेवटचा उपाय, हीही समजूत अशीच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. भारतातली पहिली म्हणून तिची नोंद झाली होती; पुढे आनंद कुमार यांनीच जुनी कागदपत्रं तपासून, तो मान ३ ऑक्टोबर १९७८च्या मुलीचा आणि कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींचा आहे, असं जाहीर केलं. तेव्हापासून तंत्र खूप सुधारलं. पण प्रयोगशाळा बीजाचं वय कमी करू शकत नाही. चाळिशीनंतर स्वतःच्या बीजाने यश मिळण्याचं प्रमाण झपाट्याने खाली येतं, आणि जाहिरातीत ते छोट्या अक्षरांत असतं, असलं तर.

आपल्याकडे एक कारण हमखास विसरलं जातं, ते म्हणजे टीबी. फुफ्फुसांतला जंतू रक्तावाटे गर्भनलिकांपर्यंत पोहोचतो, ना खोकला ना ताप, आणि नळ्या मुकाट्याने बंद पडतात. लहानपणी टीबी झाला होता किंवा घरात कोणाला होता, हे डॉक्टरांना न विचारता सांगावं.

डॉक्टरांकडे जायचं कधी? दर महिन्याला संधी असते ती साधारण २०-२५ टक्के, तरुण वयातसुद्धा. तेव्हा तीन-चार महिन्यांत घाबरण्यासारखं काही नाही. वर्षभरात ८० टक्क्यांहून अधिक जोडप्यांना दिवस जातात. पत्नीचं वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने थांबावं. चाळिशी ओलांडली असेल, पाळी फार अनियमित असेल किंवा टीबीचा इतिहास असेल, तर थांबूच नये. जाताना दोघांनी जावं.

आणि तिने फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, प्रयत्न सुरू करण्याआधी महिनाभर तरी. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया असलेली नळी नीट मिटायला ती मदत करते, आणि ही नळी गर्भधारणेपासून २८व्या दिवसाच्या सुमारास मिटते. पाळी चुकून, टेस्ट करून, डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ते काम बहुधा उरकलेलं असतं.