कुजण्याचा क्रम : हेम्पचा धागा आणि शहरातले खत

पर्यावरणपूरक वस्तूंच्या प्रदर्शनांत अलीकडे हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या खोडापासून काढलेल्या धाग्याच्या पिशव्या आणि कापड हमखास दिसते. त्यांच्या चिठ्ठीवर दोन दावे बहुधा शेजारी शेजारी छापलेले असतात : हा धागा अतिशय टिकाऊ आहे, आणि वस्तू टाकून दिली की ती लवकर कुजून मातीत मिसळते. जो धागा इतका टिकतो तोच लवकर कुजतो कसा, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. दुसरीकडे, कोल्हापुरातल्या एखाद्या अपार्टमेंटच्या बैठकीत ओल्या कचऱ्याचे खत आवारातच करण्याचा विषय निघाला, की ‘वास येणार, अळ्या होणार’ एवढ्यावर तो गुंडाळला जातो. वरवर या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. मुळाशी मात्र एकच रसायन आहे. कुजणे म्हणजे सगळे एकदम सडून जाणे नव्हे. त्याला ठरलेला क्रम असतो आणि ठरावीक अटी असतात, आणि त्या समजल्या की धाग्याचे कोडेही सुटते आणि वासाचेही.

वनस्पतीच्या शरीरातले पदार्थ सूक्ष्मजीवांना सारख्याच सहजपणे पचत नाहीत. साखर, स्टार्च आणि प्रथिने सर्वांत आधी संपतात. त्यांच्या पाठोपाठ पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे पेक्टिन आणि हेमीसेल्युलोज यांची पाळी येते. ग्लुकोजच्या हजारो रेणूंच्या सरळ साखळ्या घट्ट रचून झालेले सेल्युलोज त्यानंतर, आणि लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन सर्वांत शेवटी. लिग्निनची रचना इतकी अनियमित असते की एखाद्या ठरावीक विकराला (एन्झाइमला) ठरावीक जागी तिचे तुकडे पाडता येत नाहीत. ते काम मुख्यतः काही जातींच्या बुरशी करतात आणि त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतोच.

धागा काढणाऱ्यांनी हा क्रम प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी ओळखला होता. ताग असो, अंबाडी असो की भांग, धागा खोडाच्या सालीत असतो आणि पेक्टिनमुळे उरलेल्या खोडाला चिकटून बसलेला असतो. कापलेल्या खोडांच्या जुड्या पाण्यात बुडवून ठेवल्या की जिवाणू पेक्टिन खाऊन टाकतात, साल बोटांनी सोलता येईल इतकी सैल होते आणि आतला धागा लांबच्या लांब निघतो. जुड्या नेमक्या याच वेळी बाहेर काढाव्या लागतात, कारण अधिक उशीर झाला की सेल्युलोजवरही हल्ला सुरू होतो आणि धाग्याचा जोर जातो. हेम्पची पिशवी ही अशा अर्ध्यावर थांबवलेल्या कुजण्यातून तयार होते. ती कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे टिकते, कारण पाण्यावाचून सूक्ष्मजीवांचे काम चालत नाही. ओलसर, उबदार आणि हवेशीर ढिगात घातली की थांबलेले काम पुढे सुरू होते. त्यामुळे चिठ्ठीवरचे दोन्ही दावे खरे आहेत, पण ते निव्वळ हेम्पच्या कापडापुरतेच. धाग्यात पॉलिएस्टर मिसळले असेल, किंवा ‘हेम्प प्लास्टिक’ या नावाखाली नेहमीच्या प्लास्टिकमध्ये हेम्पचा भुसा घातला असेल, तर भुसा कुजेल आणि प्लास्टिक मागे उरेल.

कोरड्या जागी हा धागा किती टिकतो याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुरातत्त्व सर्वेक्षण विभागातील रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांना वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या खोडाचे अंश आढळले, आणि ते संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे दीड हजार वर्षे तो गिलावा किडीपासून आणि दमटपणापासून बऱ्यापैकी सुरक्षित राहिला, याचे श्रेय त्यांनी या वनस्पतीला दिले आहे.

हेम्पच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मला बऱ्याच अंशी पटते. हे पीक सुमारे चार महिन्यांत माणसाच्या दुप्पट उंचीपर्यंत वाढते, दाट पेरल्यास तणाला डोके वर काढू देत नाही आणि कापसाच्या तुलनेत त्याला पाणी व कीटकनाशके कमी लागतात. गांजा आणि हेम्प ही एकाच वनस्पतीची रूपे असली, तरी औद्योगिक हेम्पमध्ये नशा आणणाऱ्या टीएचसी या द्रव्याचे प्रमाण साधारणपणे ०.३ टक्क्यांच्या आत ठेवलेले असते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम १४ नुसार धागा आणि बियाण्यासाठी लागवडीची परवानगी सरकार देऊ शकते. २०१८ मध्ये उत्तराखंडाने सर्वप्रथम असे परवाने देण्यास सुरुवात केली. भांगेच्या बिया आणि त्यांचे तेल यांना अन्नपदार्थ म्हणून २०२१ मध्ये मान्यता मिळाली. परवान्याशिवाय लागवड हा गंभीर गुन्हा आहे आणि उसाच्या फडात गांजाची झाडे सापडल्याच्या बातम्या आपल्या भागात अधूनमधून येतातच. म्हणूनच महाराष्ट्राने तपासणीच्या कडक अटी घालून धाग्याच्या वाणांचा विचार उघडपणे करावा, असे मला वाटते.

मात्र ‘एक एकर हेम्प जंगलापेक्षा जास्त कार्बन शोषते’ हे वाक्य ज्या सहजतेने फेकले जाते, ते मान्य करता येत नाही. वेगाने वाढणारे पीक वेगाने कार्बन घेते, यात शंका नाही. पण तो किती काळ बांधलेला राहतो यावर सगळे अवलंबून आहे. खोडाचा गाभा चुन्यात मिसळून भिंत बांधली तर तो कित्येक दशके तिथेच राहील, कारण चुन्याच्या तीव्र अल्कधर्मात सूक्ष्मजीवांचा निभाव लागत नाही. तोच गाभा शेतात कुजला तर बहुतेक कार्बन लवकरच हवेत परततो. खतातही तेच घडते, आणि तिथे ते घडणे आवश्यकच आहे.

खताच्या ढिगात कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे प्रमाण २५ ते ३० ला १ असावे, असे कृषी खात्याच्या प्रत्येक पत्रकात छापलेले असते. हा आकडा येतो कुठून, हे मात्र तिथे क्वचितच सांगितलेले असते, आणि मला तर या सगळ्या शास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. जिवाणूच्या स्वतःच्या शरीरात कर्ब आणि नत्र ढोबळमानाने १० ला १ या प्रमाणात असतात. त्याने खाल्लेल्या कर्बापैकी सुमारे दोन तृतीयांश ऊर्जेसाठी जाळला जातो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. शरीर बांधायला एक तृतीयांशच उरतो. म्हणजे १० भाग कर्ब अंगी लागण्यासाठी ३० भाग खावा लागतो आणि त्या १० भागांसोबत १ भाग नत्र लागतो. तीसास एक हे प्रमाण असे निघते. कर्ब याहून कमी असला तर नत्र जास्तीचा होतो, अमोनियाच्या रूपाने उडून जातो आणि डोळ्यांना झोंबणारा वास येतो. कर्ब फार जास्त झाला तर नत्राअभावी जिवाणूंची संख्या वाढत नाही आणि ढीग महिनोन् महिने तसाच पडून राहतो.

उसाआधी ताग पेरून फुलोऱ्यावर येताना, साधारण ४५ ते ५० दिवसांनी जमिनीत गाडायचा, या आपल्या शेतकऱ्यांच्या पद्धतीमागेही हाच हिशेब आहे. कोवळ्या तागात नत्र भरपूर असतो. आणखी महिनाभर थांबले की खोड काष्ठमय होते, कर्बाचे प्रमाण चढते आणि गाडलेला ताग कुजताना जमिनीतलाच नत्र काही काळ अडकवून ठेवतो.

आता स्वयंपाकघराकडे येऊ. समजा, १० किलो भाजीपाल्याच्या कचऱ्यात ८५ टक्के पाणी आहे. उरलेल्या दीड किलो शुष्क भागात सुमारे ६७० ग्रॅम कर्ब आणि ४० ग्रॅम नत्र धरला, तर प्रमाण १७ ला १ भरते. नत्र जास्त, म्हणून वास ठरलेला. वाळलेल्या पानांत पाणी १० टक्के धरले तर दर किलोमागे साधारण ४०५ ग्रॅम कर्ब आणि ७ ग्रॅम नत्र मिळतो. दोन किलो पाने मिसळली की कर्ब १४८० ग्रॅम, नत्र ५४ ग्रॅम आणि प्रमाण २७ ला १. कर्बाचा हिशेब जुळला, पण पाण्याचा जुळला नाही. १२ किलोंच्या या मिश्रणात ८.७ किलो पाणी आहे, म्हणजे ७२ टक्के, आणि खताला हवे असते ५० ते ६० टक्के. पाने चार किलोंवर नेली तर पाणी ६४ टक्क्यांवर येते, पण कर्बाचे प्रमाण ३३ च्या पुढे जाते. दोन्ही अटी एकाच वेळी तंतोतंत पाळता येत नाहीत. म्हणून पाने तीन-चार किलो घालावीत आणि उरलेले पाणी ढीग वारंवार चाळवून उडू द्यावे, हा मध्यम मार्ग. वाळलेली पाने हलकी आणि फुगीर असल्यामुळे आकारमानाने हे प्रमाण एका बादली ओल्या कचऱ्याला दीड ते दोन बादल्या पाने असे पडते.

पाण्यावर इतका भर देण्याचे कारण प्राणवायू. तो पाण्यातून पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. तुकड्यांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की काही तासांत आतला प्राणवायू संपतो, त्यावर जगणारे जिवाणू माघार घेतात आणि त्याविना जगणारे पुढे येतात. मग आंबूस आम्ले, सडक्या अंड्यांचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड आणि शेवटी मिथेन तयार होतो. हा वास म्हणजे खत तयार होत असल्याची खूण नव्हे, तर ते बंद पडल्याची आहे. कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या कचऱ्याच्या डोंगराच्या आत असेच कुजणे चालते आणि मिथेनसारखा ज्वालाग्राही वायू साठत गेल्यामुळे अशा ढिगांना आग लागण्याचा धोका कायम राहतो.

हवा आणि प्रमाण नीट जमले तर ढीग तापतो. एक ग्रॅम ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन झाल्यास सुमारे १५.६ किलोज्यूल ऊर्जा सुटते आणि त्यातील निम्म्याहून अधिक उष्णता होऊन बाहेर पडते. ढीग एक घनमीटर असेल तर उष्णता आत कोंडून राहते. फूटभर बाजूच्या पेटीत आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग तिपटीहून अधिक पडतो आणि ती तितक्याच वेगाने निसटते. मोठा ढीग दोन-तीन दिवसांत ५५ अंशांवर जातो, आणि त्या तापमानात सलग तीन दिवस राहिल्यास बहुतेक रोगजंतू मरतात, तणांच्या बियाही पुष्कळशा निकामी होतात. बाल्कनीतली बादली अशी तापत नाही. तिच्यातही खत होते, फक्त सावकाश; पण ‘कंपोस्टेबल’ असे छापलेले पॉलिलॅक्टिक आम्ल या वनस्पतिजन्य प्लास्टिकचे पेले तिच्यात विरत नाहीत, कारण त्यांना ६० अंशांच्या आसपासची उष्णता लागते.

तापलेल्या ढिगाचा वरचा थर बाजूला सारला की वीतभर खाली राखेसारखा पांढरट-करडा थर दिसतो. बुरा लागला म्हणून घाबरून कित्येक जण ढीग फेकून देतात. तो थर बहुतांशी ॲक्टिनोमायसिटीज या धाग्यांसारख्या वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. सेल्युलोज आणि काही अंशी लिग्निन फोडणारे हेच कामगार. पहिल्या पावसाच्या मातीचा आपल्याला इतका ओळखीचा वास जिओस्मिन नावाच्या ज्या द्रव्यामुळे येतो, ते याच कुळातले जिवाणू तयार करतात.

ढीग रचून, चाळवून, हवा देत खत करण्याची ही पद्धत १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शास्त्रशुद्धपणे बसवली. तिला बाजारातल्या चमत्कारिक पावडरींची गरज नव्हती आणि आजही नाही. लागणारे सूक्ष्मजीव सालींवर आणि मातीत आधीच असतात. जुन्या खताची एक ओंजळ पुरते. विशिष्ट गाईचेच शेण हवे, हा आग्रहही निराधार आहे, म्हशीच्या शेणानेही ढीग तितकाच तापतो. निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडल्यानेच पुण्य लाभते असे मानून ते पंचगंगेत टाकले, तर कुजण्याचे हेच काम नदीतला प्राणवायू ओढून घेते आणि माशांचा जीव जातो. गणेशोत्सवात निर्माल्य वेगळे जमा करण्याची चांगली सवय या शहराने लावून घेतली आहे. ती वर्षभर पाळण्यासारखी आहे, फक्त हारांतले दोरे आणि जरी काढून टाकायला हवी.

शहरात खरी टंचाई ओल्या कचऱ्याची नसून कोरड्या कर्बाची आहे, आणि इथे कोल्हापूरइतके नशीबवान शहर शोधावे लागेल. हेम्पचा गाभा यासाठी उत्तम ठरला असता, पण त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. उसाचे पाचट फडातच पेटवून दिले जाते, गुऱ्हाळांवर चिपाडे असतात, पश्चिमेकडच्या तालुक्यांत भाताचे पिंजर असते आणि रस्त्याकडेच्या झाडांची पाने रोज झाडून टिपरमध्ये भरली जातात. पाचटाचे कर्ब-नत्र प्रमाण शंभराच्या आसपास असल्याने ते पानांपेक्षा कमी घातले तरी पुरते. चार बोटांएवढे तुकडे करून घातले की ढिगात पोकळ्याही राखते. लाकडाचा भुसा मात्र जपून वापरावा. त्याचे प्रमाण कागदावर कित्येक शे दिसत असले, तरी त्यातला बराच कर्ब लिग्निनमध्ये अडकलेला असतो आणि जिवाणूंच्या हाती लवकर लागत नाही. पावसाळ्यात ढिगावर छप्पर हवेच आणि कोरडा माल उन्हाळ्यातच पोत्यांत भरून ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये जाड करड्या अळ्या दिसल्या तर त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. त्या दिसणे म्हणजे कोरडा माल कमी पडल्याचा इशारा समजावा.

तापमान उतरले म्हणजे खत तयार झाले असे नाही. त्यानंतर महिना-दोन महिने ते मुरावे लागते, नाहीतर कुंडीत गेल्यावर उरलेला कर्ब कुजवण्यासाठी सूक्ष्मजीव रोपाच्या वाटचा नत्र पळवतात आणि पाने पिवळी पडतात. ते मुरले की नाही हे पाहण्यासाठी हळीव वापरतात. खत पाण्यात कालवून गाळलेल्या निवळीत भिजवलेल्या कागदावर पंचवीस दाणे पसरावेत, शेजारी साध्या पाण्यावर तितकेच. तीन दिवसांनी दोन्हीकडची उगवण आणि मुळांची लांबी सारखी आली तर खत वापरावे. निवळीतली मुळे आखूड राहिली तर आणखी पंधरा दिवस झाकून ठेवावे.