कण्याची पार्श्ववक्रता, किशोरवयीन (बेळगाव सीमाभाग)

वाढीच्या वयात, साधारण दहाव्या वर्षापासून पुढे, पाठीचा कणा एका बाजूस वळणे व त्याबरोबर मणक्यांना पीळ पडणे. क्ष-किरण चित्रावर मोजलेला कॉब कोन (वळणाच्या वरच्या व खालच्या टोकांच्या सर्वाधिक कललेल्या मणक्यांमधला कोन) 10 अंश किंवा अधिक भरल्यास वक्रता मानतात. या वयोगटात तिचे प्रमाण सुमारे 2 ते 3 टक्के असते. सौम्य वक्रता मुलगे व मुली दोघांत आढळते. 30 अंशांपुढे मात्र मुलींची संख्या कित्येक पटींनी जास्त असते.

बहुतेक रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही. कोंबडीच्या पिलांची मेंदूतील पीनियल ग्रंथी काढल्यावर कणा वाकतो, यावरून त्या ग्रंथीतून स्रवणाऱ्या मेलॅटोनिन या संप्रेरकाच्या कमतरतेची उपपत्ती पुढे आली. माकडांत तसा परिणाम दिसला नाही, रुग्णांच्या रक्तातही सातत्याने कमतरता आढळली नाही. त्यामुळे ती मागे पडली. मणक्यांचा पुढचा भाग मागच्यापेक्षा वेगाने वाढतो, असे दुसरे मत आहे. जुळ्या भावंडांचे अभ्यास आणि 2011 मध्ये जपानी संशोधकांना एलबीएक्स-1 जनुकाजवळ सापडलेला बदल पाहता, आनुवंशिक प्रवृत्ती व वाढीचा वेग यांचा संयोग मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जड दप्तराने पाठ दुखते, परंतु ही वक्रता त्याने उद्भवते असा पुरावा नाही. निपाणी-खानापूरकडे घरोघरी ‘पोक काढून बसतेस म्हणून’ असा बोल मुलीलाच लागतो, तो सर्वस्वी अन्यायाचा आहे.

दुखत नसल्याने वक्रता ध्यानात येत नाही. त्यातून शाळेच्या गणवेशावर दोन्ही खांद्यांना पिन लावलेली ओढणी पाठ झाकते. कमीजचा घेर एका बाजूला वर चढलेला आईला किंवा शिवणाऱ्या बाईला आधी दिसतो. विल्यम ॲडम्स यांची 1865 मधील चाचणी सोपी आहे: पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात जोडून मुलीने कमरेतून वाकावे, मागून पाहता एका बाजूच्या फासळ्या, बहुधा उजवीकडच्या, उंच दिसतात. ही तपासणी बाईंनीच, आडोशाला करावी.

वाढ शिल्लक असताना 25 ते 40 अंशांच्या वक्रतेला पट्टा (ब्रेस) देतात. 2013 च्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत पट्टा वापरणाऱ्यांपैकी 72 टक्के, तर केवळ देखरेखीखालील 48 टक्के मुलांची वक्रता वाढ संपेपर्यंत 50 अंशांखाली राहिली. पट्टा जितके तास अंगावर, तितका गुण अधिक. साधारण 45 ते 50 अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यासाठी खानापूरकर बेळगावला, निपाणीकडील लोक कोल्हापूरला, कागवाड-अथणीकडील मिरजेला जातात. रुग्णाच्या धाकट्या भावंडांचीही पाठ तपासून घ्यावी.