ऑपरेटिंग सिस्टिमची ऐच्छिक अपडेट्स

ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी कंपनी जे बदल संगणकावर आपोआप न टाकता वापरकर्त्याच्या मर्जीवर सोडते, त्यांना ऐच्छिक किंवा ऑप्शनल अपडेट म्हणतात. सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणारी अपडेट्स यात सहसा नसतात. ती आपोआप उतरतात आणि फार तर काही दिवस पुढे ढकलता येतात. विंडोजच्या ऐच्छिक यादीत प्रामुख्याने तीन गोष्टी येतात: पुढच्या महिन्याच्या दुरुस्त्यांची आगाऊ आवृत्ती, हार्डवेअरचे ड्रायव्हर (एखादे उपकरण विंडोजकडून चालवून घेणारे छोटे प्रोग्राम) आणि खुद्द विंडोजची नवी आवृत्ती. तिन्हींची जोखीम वेगळी आहे आणि थांबण्याची किंमतही वेगळी. म्हणूनच ‘आलं की टाकायचं’ आणि ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हे दोन्ही सल्ले अपुरे पडतात. ते यादीतल्या ओळी न वाचताच दिलेले असतात.

आगाऊ आवृत्तीचे गणित समजायला विंडोजचे वेळापत्रक माहीत हवे. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून सुरक्षा अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात, एप्रिल २०२३ पासून साधारणपणे चौथ्या मंगळवारी, एक ऐच्छिक अपडेट येते. त्याच्या नावातच ‘प्रिव्ह्यू’ असते. त्यात सुरक्षेची नवी दुरुस्ती नसते. छपाई अडणे, आवाज जाणे, टास्कबार गोठणे अशा तक्रारींवरचे उपाय असतात आणि कधी एखादी नवी सोयही असते. हेच उपाय पुढच्या दुसऱ्या मंगळवारी सगळ्यांना आपोआप मिळतात. म्हणजे प्रश्न घ्यायचे की नाही हा नसून दोन-तीन आठवडे आधी घ्यायचे का, एवढाच आहे. आपल्याला रोज छळणारी अडचण त्या अपडेटच्या माहितीपत्रकात नाव घेऊन लिहिलेली असेल तर ते जरूर घ्यावे, त्यासाठीच ते दिलेले असते. तशी ओळ नसेल तर घाई करून हाती फारसे काही लागत नाही.

घाईची किंमत मात्र मोजावी लागू शकते. ३० ऑगस्ट २०१९ रोजी आलेले केबी४५१२९४१ हे विंडोज १० चे ऐच्छिक अपडेट घेतल्यावर काही संगणकांवर शोधपट्टीची प्रक्रिया प्रोसेसरला कामाला जुंपून ठेवू लागली. पंखे फिरत राहिले आणि यंत्रे मंदावली. मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला आणि १० सप्टेंबरच्या नियमित अपडेटमध्ये तो दूर केला. ज्यांनी तोवर वाट पाहिली त्यांना या दोषाचा त्रास झालाच नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ड्रायव्हरच्या यादीत. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, विंडोज अपडेट, प्रगत पर्याय, ऐच्छिक अपडेट्स असे आत गेले की या ओळी दिसतात. कंपनीचे नाव, उपकरणाचा वर्ग, तारीख आणि आवृत्ती यापलीकडे त्यांत काही नसते. अनेकांना तिथे इंटेलच्या नावापुढे १८ जुलै १९६८ अशी तारीख दिसते आणि यादीच बिघडली असे वाटते. ती तारीख मुद्दाम घातलेली आहे. १८ जुलै १९६८ हा इंटेलच्या स्थापनेचा दिवस. दोन ड्रायव्हर एखाद्या उपकरणाला सारखेच जुळत असतील तर विंडोज आधी तारीख पाहते आणि नव्या तारखेचा निवडते. इंटेलच्या या फायली बहुतांशी चिपसेटच्या, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपच्या, भागांना नुसती नावे देतात. उपकरण बनवणाऱ्याने दिलेल्या खास ड्रायव्हरला त्यांनी बाजूला सारू नये म्हणून त्यांना इतकी जुनी तारीख दिली जाते. विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर २१ जून २००६ दिसते, तेही याच कारणाने. थोडक्यात, या यादीतल्या तारखेवरून नवे-जुने ठरवू नये, आवृत्तीचा आकडा पाहावा.

ड्रायव्हरबाबत नियम सोपा आहे: उपकरण नीट चालत असेल तर यादीतली ओळ तशीच राहू द्यावी. वाय-फाय तुटत असेल, स्क्रीन लुकलुकत असेल किंवा उपकरण ओळखलेच जात नसेल, तर तेवढाच ड्रायव्हर घ्यावा. सगळ्या चौकटींवर एकदम खूण केली आणि काही बिघडले, तर दोष कुणाचा हे शोधणे जिकिरीचे होते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे आधीच्या ड्रायव्हरवर परतण्याचे बटण असते, पण आधीचा ड्रायव्हर साठवलेला असला तरच ते चालते. ग्राफिक्स कार्डसाठी कार्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर बहुधा अधिक ताजा असतो.

याच यादीत फर्मवेअरही येऊ शकते आणि त्याला वेगळे वागवावे. फर्मवेअर म्हणजे यंत्राला सुरू करणारे आणि चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, ते यंत्राच्या चिपमध्ये लिहिले जाते. लिहिताना वीज गेली तर संगणक सुरूच न होण्याची भीती असते आणि जुन्या फर्मवेअरवर परत जाणे अनेकदा शक्य नसते. लॅपटॉप चार्जरला जोडूनच ते घ्यावे. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनच्या सोयीने, कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी, कारण फर्मवेअर बदलल्यावर पुढच्या वेळी संगणक ती मागू शकतो. आपली डिस्क कुलूपबंद आहे हेच अनेकांना माहीत नसते, ते आधी तपासावे.

नवी आवृत्ती घेण्याचा निर्णय सर्वांत मोठा. विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ रोजी, ‘अपडेट तपासा’ हे बटण स्वतःहून दाबणाऱ्यांसाठी खुली झाली. काहींच्या डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमधल्या फायली तिने पुसल्या, म्हणून चारच दिवसांत वितरण थांबवावे लागले आणि १३ नोव्हेंबरला ती पुन्हा आली. नवी आवृत्ती आवडली नाही तर विंडोज साधारण दहा दिवस जुन्या आवृत्तीवर परतण्याची सोय देते. तरीही बॅकअपशिवाय या वाटेला जाऊ नये. थांबण्यालाही मर्यादा आहे. जुन्या आवृत्तीची मुदत संपली की सुरक्षा दुरुस्त्या बंद होतात. विंडोज १० साठी सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली.

ऐच्छिक अपडेट टाळण्याची सवय सुरक्षा अपडेटपर्यंत पोहोचता कामा नये. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने विंडोजमधल्या एका त्रुटीतून शिरून १२ मे २०१७ रोजी जगभरातले संगणक ओलीस धरले, तेव्हा त्या त्रुटीवरची दुरुस्ती १४ मार्चपासूनच उपलब्ध होती.

विंडोजबाहेरही असे पर्याय दिसतात. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोनची आयओएस १५ ही आवृत्ती आणताना आयओएस १४ वरच राहून सुरक्षा दुरुस्त्या घेण्याचा पर्याय दिला, पण तो काही महिनेच टिकला. उबंटू या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दर दोन वर्षांनी येणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती आधीच्या तशाच आवृत्तीच्या वापरकर्त्यांना लगेच सुचवली जात नाही. तिची पहिली सुधारित आवृत्ती येईपर्यंत थांबतात. तिथली अनेक अपडेट्स टप्प्याटप्प्याने सोडली जातात आणि मधेच बिघाडाच्या नोंदी वाढल्या तर वितरण रोखले जाते. त्यामुळे काही पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) ‘मागे ठेवली’ असा संदेश टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, दिसतो. तो पाहून जबरदस्तीने ती बसवण्याची गरज नसते. कारण टप्प्याचे असेल तर आपली पाळी आल्यावर ती नेहमीच्या अपडेटबरोबर बसतात.