औषध साधंच, पण कुणाला आणि केव्हा?

दात काढण्याआधी हिरडीत बधिरीचं जे इंजेक्शन देतात, ते बहुतेकदा लिग्नोकेनचं. परळच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चमूने तेच औषध देशातल्या ११ केंद्रांत स्तनाच्या कर्करोगात वापरून पाहिलं. निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आले. पद्धत सोपी आहे. रुग्ण भुलीखाली गेली की ०.५ टक्क्याचं द्रावण गाठीच्या आत नाही, तर भोवती सगळ्या बाजूंनी टोचायचं, ७ ते १० मिनिटं थांबायचं आणि मगच चीर घ्यायची. मात्रा किलोमागे ४.५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ५० किलोच्या बाईला फार तर ४५ मिलिलिटर. जास्त झालं तर झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात.

जवळपास १,६०० जणींमध्ये इंजेक्शन न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या, मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के. असं का व्हावं? गाठ काढताना ती दाबली, हलवली जाते आणि काही पेशी सुटतात. या पेशींच्या आवरणात सोडियमची दारं असतात, सरकायला त्यांची मदत होते, आणि लिग्नोकेन नेमकी तीच बंद करतं. हे स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. मात्र दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, तेव्हा इतरांनीही हे करून पाहायला हवं.

अ‍ॅस्पिरिनची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असलेल्यांनी रोज ६०० मिलिग्रॅम किमान दोन वर्षं घेतली, तर पुढच्या काळात मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी झाला. फायदा दिसायला वर्षं लागली. उलट ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ वृद्धांपैकी, बहुतेक सत्तरीपुढच्या, निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम दिली, तेव्हा कर्करोगाने होणारे मृत्यू थोडे वाढलेच, शिवाय रक्तस्राव. म्हणून शेजाऱ्याची हृदयासाठीची गोळी बघून आपण सुरू करायची नाही. आणि हृदयासाठी चालू असलेली मनाने बंदही करायची नाही.

मेटफॉर्मिनने तर निराशाच केली. ती घेणाऱ्या मधुमेहींना कर्करोग कमी होतो असं जुन्या नोंदींत दिसायचं. पण ही गोळी सहसा मधुमेह सौम्य असताना मिळते, आणि जो जास्त जगला त्याच्याच नावावर जास्त गोळ्या लागतात! मधुमेह नसलेल्या, स्तनाचा कर्करोग झालेल्या ३,६४९ जणांवर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून प्रयोग केला, तेव्हा पाच वर्षांच्या गोळ्यांनी रोग उलटण्यात फरक पडला नाही.

व्यायामाचं मात्र जमलं. मुख्यतः कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या, आतड्याच्या कर्करोगाची केमोथेरपी संपलेल्या ८८९ जणांपैकी निम्म्यांना माहितीपुस्तिका दिली, निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शक. आठ वर्षांनी ८३.२ विरुद्ध ९०.३ टक्के हयात. लक्ष्य होतं आधीच्या हालचालीत आठवड्याला साधारण अडीच तास भरभर चालण्याइतकी भर. पुस्तिका वाचून माणूस चार दिवस चालतो. इथे सुरुवातीचे सहा महिने दर पंधरवड्याला प्रत्यक्ष भेट होती. स्नायू-सांध्यांच्या तक्रारीही वाढल्या. ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध मिळालेल्यांचे तळपाय बरेच दिवस बधिर राहू शकतात, त्यांनी सपाट रस्ता निवडावा, घट्ट बसणारे बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळव्याला फोड आलाय का ते डोळ्यांनी पाहावं, कारण तो दुखेलच असं नाही.