अकाउंटंट एजन्सीकडून घ्यायचा की आपला आपण शोधायचा?

दिवाळीचा बोनस हातात पडला की पंधरा दिवसांत आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कुणाचा ना कुणाचा अकाउंटंट राजीनामा टाकतोच, आणि मग त्या मालकाचा मला फोन येतो, "तुम्ही मागं एजन्सीकडनं घेतला होता ना हो, नंबर द्या की." नंबर देतो मी, पण त्याआधी अर्धा तास त्याचं डोकं खातो. माझी छोटी फाउंड्री आहे, पंचेचाळीस माणसं, गेल्या दहा-बारा वर्षांत अकाउंट्सला दोनदा एजन्सीकडून माणूस घेतला आणि तीनदा स्वतः शोधला, आणि दोन्हीकडे पोळून निघालोय.

घोळ होतो तो असा, की एजन्सीला पैसे दिले म्हणजे पारखलेला माणूस मिळणार असं सगळ्यांना वाटतं. एजन्सी माणूस शोधते. पारखत नाही. म्हणजे ते म्हणतात की आम्ही स्क्रीनिंग करतो, आणि करतातही, पण ते स्क्रीनिंग म्हणजे पगार किती मागतोय, नोटीस पिरियड किती, कोल्हापुरात राहायला तयार आहे का, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येतं का, एवढंच. तिकडून फोन करणारी मुलगी एचआरची असते, तिला 'टॅली येतं' या दोन शब्दांत किती थापा मावतात ते कुठनं कळणार? तो तिचा दोष नाही. तेव्हा आधी हे बघायचं की आपल्याकडे नक्की कशाची कमी आहे, शोधायला वेळ नाही की माणसंच मिळत नाहीत की मिळालेला माणूस तपासता येत नाही. पहिल्या दोन्हीला एजन्सी चालते, तिसऱ्याला अजिबात नाही.

आता पैशाचं. एजन्सीचा चालता दर वर्षाच्या सीटीसीच्या (मालकाला त्या माणसावर पडणाऱ्या एकूण खर्चाच्या) ८.३३ टक्के, म्हणजे सरळ एक महिन्याचा पगार. वरच्या पोस्टला जास्त घेतात. वर्षाला ३,६०,००० वर माणूस घेतला तर फी ३०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५,४००, झाले ३५,४००. त्यातलं जीएसटीचं इनपुट, म्हणजे आपल्या टॅक्समधून मिळणारी वजावट, आपण फाउंड्रीवाले घेऊ शकतो, ते सोडा. पण फी सीटीसीवर आहे हे लक्षात ठेवा, कारण मग पगाराची घासाघीस करताना मधला माणूस कुणाच्या बाजूचा असेल तुम्हीच सांगा. "सर, तो तीस म्हणतोय, बत्तीसला फायनल करू, हातातनं जाईल" हे वाक्य मी दोन वेगळ्या एजन्सींकडून जवळपास शब्दाला शब्द ऐकलंय. आणि पगार ठरवताना सीटीसी आणि इन हँड यातला फरक उमेदवाराला तुम्ही स्वतः समजावून सांगा, त्यांच्यावर सोडू नका. सीटीसी ३०,००० म्हटलं की त्याच्या डोक्यात ३०,००० हातात येणार असतात, आणि इथं पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापला तरी मालकाचे १,८०० आणि त्याचे १,८०० गेले, पीटीचे, म्हणजे व्यवसाय कराचे, २०० गेले, उरले २६,४००. पहिल्या पगाराला तोंड वाकडं करून बसलेला माणूस दुसऱ्या महिन्यात नोकरी डॉट कॉमवर सीव्ही अपडेट करतो.

आता तुम्ही म्हणाल ३०,००० मधनं ३,८०० गेले तर २६,२०० राहतात. बरोबर, २६,२०० च. चुकीचा आकडा मुद्दाम टाकला होता, अकाउंटंट घ्यायला निघालेल्या माणसाने एवढं पकडायला पाहिजे 😀

एजन्सीचं ॲग्रीमेंट येतं दोन पानांचं, कुणी वाचत नाही. त्यात दोन गोष्टी वाचाच. एक रिप्लेसमेंटची मुदत, बहुतेक ६० किंवा ९० दिवस असते, म्हणजे तेवढ्यात माणूस सोडून गेला तर दुसरा फुकट देणार, पैसे परत नाही, दुसरा माणूस, आणि तोही मिळेल तेव्हा. माझा पहिला गडी सत्त्याण्णवाव्या दिवशी गेला. मुदत नव्वदची. मी फोन केला तर गोड बोलून नवीन बिलाची तयारी दाखवली. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी पाठवलेला सीव्ही सहा महिने किंवा वर्षभर 'त्यांचा' असतो, तुम्ही तेव्हा नाही म्हणालात आणि चार महिन्यांनी तोच पोरगा ओळखीतून आला तरी फी द्यावी लागते. तेव्हा आलेले सगळे सीव्ही तारखेसकट एका फोल्डरमध्ये ठेवायचे, आणि जो आधीच आपल्याकडे येऊन गेलाय त्याचा सीव्ही त्यांच्याकडून आला की त्याच दिवशी मेल टाकून कळवायचं.

एक तिसराच प्रकार आहे तो यात मिसळू नका, थर्ड पार्टी पेरोल. त्यात माणूस एजन्सीच्या पगारपत्रकावर, काम तुमच्याकडे, आणि दर महिन्याला बिल. ऑडिटच्या सीझनला तीन महिन्यांसाठी एक हात पाहिजे असेल तर ठीक, पण बँकेचं काम बघणारा माणूस मी तसा ठेवणार नाही.

स्वतः शोधायचं म्हटलं की आधी खर्च शून्य वाटतो. शून्य नाही. मी जॉब टाकला तेव्हा चार दिवसांत दीडशेच्या वर अर्ज आले, त्यात निम्म्यांनी जाहिरात वाचलेलीच नाही, एक जण नागपूरचा होता, एक बीएस्सी ॲग्री. चाळीस जणांना फोन केले, अकरा जण येतो म्हणाले, आले पाच. म्हणजे माझे आणि बायकोचे मिळून दहा-बारा दिवस संध्याकाळचे गेले, आणि त्या काळात जीएसटीच्या रिटर्नची, जीएसटीआर १ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख, कुणासाठी थांबत नाही, टीडीएस ७ ला, पीएफ १५ ला, सगळं आमच्या सीएच्या ऑफिसमधल्या पोराने रात्री बसून भरलं आणि त्याचं बिल वेगळं आलं.

पण कोल्हापूरसारख्या ठिकाणी स्वतः शोधण्याचा एक फायदा आहे जो पुण्यामुंबईच्या एजन्सीला दिसतच नाही. इथली कितीतरी पोरं बीकॉम-एमकॉम करून पुण्याला जातात, चार-पाच वर्षं पिंपरीत नाहीतर हिंजवडीत काढतात, मग आईवडलांचं वय होतं, लग्न ठरतं, शेत असतं, आणि परत यायचं असतं. अशा माणसाचा सीव्ही पोर्टलवर 'पुणे' म्हणून पडलेला असतो, पगार पुण्याचा दिसतो, म्हणून एजन्सी त्याला फोनच करत नाही. तो सापडतो सीएच्या ऑफिसात, कॉलेजच्या सरांकडे, नाहीतर पेपरातल्या 'पाहिजेत' मध्ये, जी त्याचा बाप वाचतो. आपल्या सीएला विचारणं हा सगळ्यात चांगला रस्ता, त्यांच्याकडे आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) केलेली, सीएची इंटर पास होऊन फायनलला अडकलेली पोरं असतात, कामाला वाघ. फक्त ऑगस्ट-सप्टेंबरात विचारू नका, ३० सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटपर्यंत सीए कुणालाच सोडत नाही, उलट तुमचा माणूस मागून घेईल.

आणि ओळखीतला ओळखीतला म्हणून मेव्हण्याचा पुतण्या घेऊ नका. मी घेतलाय. कामाला वाईट नव्हता पण दोन महिन्यांचं बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे वही आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवणं, पेंडिंग होतं तरी मला तोंड उघडता येईना, कारण रविवारी जेवायला एकाच पंगतीत बसायचं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसलं ते. एजन्सीचा माणूस काढता येतो, हा एक मोठा फायदा कुणी मोजत नाही.

आता पारखायचं कसं, कारण हे दोन्हीकडे तुम्हालाच करायचंय. मी एक गोष्ट करून ठेवलीय, टॅलीत जुन्या वर्षाची एक कॉपी, पार्ट्यांची नावं बदललेली आणि आत मुद्दाम सहा चुका घातलेल्या. समोर बँकेच्या स्टेटमेंटची प्रिंट ठेवतो, चाळीस मिनिटं, आणि चहा. बोलायचं काही नाही. बघायचं नुसतं.

मागच्या खेपेला एक मुलगी आली, कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या एका होलसेल कापड दुकानात सहा वर्षं काम केलेली, फाउंड्रीचा गंध नाही, सीव्ही एका पानाचा आणि त्यात स्पेलिंगच्या चुका. तिच्या आधी आलेल्या दोघांनी बसल्या बसल्या एफ ७ दाबून जर्नल टाकायला सुरुवात केली होती, फरक दिसला की सस्पेन्सला, म्हणजे न लागलेल्या हिशेबाच्या खात्याला, टाकून मोकळे. हिनं पाच मिनिटं कीबोर्डला हातच लावला नाही. स्टेटमेंटच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, टॅलीतलं ओपनिंग बघितलं आणि विचारलं, "सर, मार्चमधले दोन चेक एप्रिलला पास झालेत, ते आधी बाजूला काढू ना?" मी म्हटलं काढा. मग वीसेक मिनिटांनी ट्रान्सपोर्टवाल्याच्या लेजरवर थांबली. एकच भाड्याचं बिल दोनदा एंट्री झालेलं होतं, एकदा ११२/२४ म्हणून आणि एकदा ११२-२४ म्हणून. गंमत म्हणजे ती चूक मी घातलेली नव्हती. खरोखरची होती, तीन वर्षं आमच्या वहीत बसलेली, ऑडिटमधूनही सुटलेली. त्याच दिवशी तिला ऑफर दिली.

कायद्याचं विचारायचं असेल तर व्याख्या विचारू नका, पाठ करून येतात. आपल्या धंद्यातलं विचारा. मी विचारतो की जीएसटी नंबर नसलेल्या भंगारवाल्याकडून स्क्रॅप घेतलं तर टॅक्स कोण भरणार, बरोबर उत्तर आपण, रिव्हर्स चार्जमध्ये, १० ऑक्टोबर २०२४ पासून. किंवा एखाद्या पार्टीचं बिल जीएसटीच्या २बी मध्ये (माल देणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीत) दिसत नाही आणि ती पार्टी पेमेंटसाठी मागं लागलीय, काय करशील? चांगला माणूस आधी पार्टीला फोन करतो, वाईट माणूस आधी क्रेडिट घेतो.

कागद तपासताना सीव्हीवर जाऊ नका, ईपीएफओची, म्हणजे पीएफ ऑफिसची, सर्व्हिस हिस्टरी मागा, त्याच्या यूएएनवरून (पीएफच्या कायम नंबरावरून) तो समोर बसून मोबाइलवर काढून दाखवू शकतो. कुठे कधी लागला, कधी सोडलं, सगळं त्यात येतं. सीव्हीत पाच वर्षं एकाच कंपनीत आणि हिस्टरीत तीन नावं, असं मी बघितलंय. पीएफ नसलेल्या छोट्या दुकानातला असेल तर तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट. आणि जुन्या मालकाला फोन स्वतः करायचा, एजन्सीने 'रेफरन्स चेक्ड' लिहून दिलं तरी. एकच प्रश्न पुरतो, "परत घ्याल का त्याला?" पुढचा माणूस उत्तर द्यायला किती वेळ घेतो त्यावर सगळं कळतं. एवढं करूनही बँकेचा ओटीपी आपल्याच मोबाइलवर ठेवायचा, एंट्री त्याची आणि अप्रूव्ह आपण.

मग एजन्सी कधी? वर्षाला दहा-बारा लाखांचा फायनान्स मॅनेजर पाहिजे असेल, ज्याला बँकेशी सीसी लिमिटवर, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाच्या मर्यादेवर, बोलता येतं, कॉस्टिंग कळतं, तर जरूर जा. ती माणसं अर्ज करत नाहीत, नोकरीत सुखी असतात, त्यांना कुणीतरी फोन करून उठवावं लागतं आणि आपण शेजारच्या कारखान्यातल्या माणसाला तसा फोन केला तर उद्या असोसिएशनच्या मीटिंगला तोंड दाखवता येत नाही. शिवाय ऑफर लेटर दिल्यापासून जॉइन होईपर्यंत नोटीसचे जे ६० दिवस असतात त्यात जुनी कंपनी पगार वाढवून थांबवते, तेव्हा दर आठवड्याला त्याच्या मागे लागणं हे काम चांगली एजन्सी मनापासून करते, कारण तो जॉइन झाल्याशिवाय त्यांचं बिल निघत नाही. माझ्या मते त्यांच्या फीतला खरा वसूल होणारा भाग हाच. ज्युनिअर अकाउंटंटसाठी मात्र मी परत एजन्सीकडे जाणार नाही. आणि हो, उमेदवाराकडून रजिस्ट्रेशनचे पैसे घेणारी एजन्सी दिसली तर तिच्या दारातही उभं राहू नका, फी द्यायची ती आपण, पोराने नाही.

अजून एक वेळ एजन्सी लागतेच, आहे त्या अकाउंटंटला न कळता दुसरा शोधायचा असतो तेव्हा. जाहिरात टाकली की पहिली त्यालाच दिसणार, कंपनीचा मेल तोच उघडतो, सीएच्या ऑफिसात त्याचेच मित्र. मी तेव्हा सगळं एजन्सीकडून गुपचूप केलं, इंटरव्ह्यू पण हायवेच्या हॉटेलात घेतले, माझ्या पर्सनल मेलवर सीव्ही मागवले. फक्त बिल पर्सनल मेलवर मागवायला विसरलो. नवा माणूस जॉइन झाला, जुन्याचा हँडओव्हर चालू होता, आणि महिनाअखेरीला मी पर्चेस रजिस्टर बघतोय तर बिल व्यवस्थित चढलेलं, जीएसटी बरोबर, इनपुट बरोबर, आणि खाली नरेशनमध्ये (एंट्रीच्या तपशिलात) जुन्यानं लिहून ठेवलेलं, "बीइंग माझ्या जागी माणूस शोधल्याची फी."