ट्रान्स्क्रिप्ट नोंदींचा मेळ

एकाच जनुकाच्या आरएनए प्रतींची, म्हणजे ट्रान्स्क्रिप्टची, नोंद निरनिराळ्या जीनोम डेटाबेसांत वेगवेगळी आढळते. त्या नोंदींची रचना ताडून कोणती कोणाशी जुळते हे ठरवणे म्हणजे त्यांचा मेळ घालणे. मानवी जीनोमाबाबत हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेतील एनसीबीआय या जैवमाहिती संस्थेचा ‘रेफसेक’ आणि युरोपातील ईएमबीएल-ईबीआय या तशाच संस्थेचा ‘एन्सेम्बल-जेनकोड’ या दोन संचांमध्ये येतो.

जनुकाच्या आरएनएमधून मधले तुकडे (इंट्रॉन) काढून उरलेले (एक्झॉन) वेगवेगळ्या प्रकारे जोडले जातात. या पर्यायी स्प्लायसिंगमुळे एका जनुकापासून अनेक आरएनए तयार होतात आणि त्यांतले कोणते नोंदवावेत याचे दोन्हींकडचे निकष निराळे आहेत. त्याहून मूलभूत फरक असा, की एन्सेम्बलची ट्रान्स्क्रिप्ट संदर्भ जीनोमावरूनच (तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या मानवी जीनोमावरूनच) बांधलेली असल्याने त्याच्याशी अक्षरशः जुळते, तर रेफसेकची संपादित नोंद हा स्वतंत्र क्रम असतो आणि तो संदर्भ जीनोमापासून क्वचित एखाद्या बेसने (क्रमातील एका अक्षराने) ढळलेला असू शकतो. प्रथिनाचा भाग जुळवणे तुलनेने सोपे. सीसीडीएस या संयुक्त प्रकल्पाने प्रारंभ-कोडॉनपासून समाप्ती-कोडॉनपर्यंतचाच, म्हणजे प्रथिनाचे वाचन जेथे सुरू होते तेथपासून जेथे थांबते तेथपर्यंतचाच, भाग जुळवला. खरी ओढाताण दोन टोकांशी होते, कारण प्रतिलेखनाची सुरुवात आणि शेवट पेशीतही एका नेमक्या बेसवर होत नाहीत.

मोजणीतल्या फरकाची झळ उत्परिवर्तनाच्या नावाला लागते. बीआरसीए१ जनुकातील ‘१८५ डेल-एजी’ (एजी ही दोन अक्षरे गळणे) हे सुपरिचित उत्परिवर्तन आज ‘सी.६८_६९ डेल’ असे लिहितात. आजची मोजणी प्रारंभ-कोडॉनपासून होते; जुनी आरएनएच्या आरंभापासून होती आणि तीत प्रारंभ-कोडॉन १२०व्या बेसवर येतो. त्यामुळे ११९ वजा केले, तर ६६ मिळतात. उरलेला दोनाचा फरक असा, की तेथे एजी ही जोडी लागोपाठ दोनदा येते आणि आजच्या नियमानुसार गळलेली जोडी शेवटाकडची धरतात. याच जनुकाच्या रूढ क्रमांकनात चौथा एक्झॉनच नाही, हेही नवख्याला गोंधळात टाकते.

दोन्ही संस्थांच्या ‘मेन’ या संयुक्त उपक्रमाने प्रथिन-संकेतक जनुकांसाठी प्रत्येकी एक ‘मेन सिलेक्ट’ ट्रान्स्क्रिप्ट निवडली. ती संदर्भ जीनोमाच्या जीआरसीएच३८ या आवृत्तीवर पहिल्या बेसपासून शेवटच्या बेसपर्यंत दोन्हींकडे एकच असते. जेथे एक पुरत नाही तेथे ‘मेन प्लस क्लिनिकल’ जोडतात. सीडीकेएन२ए हे जनुक याचे चांगले उदाहरण आहे: त्याची पी१६ आणि पी१४एआरएफ ही प्रथिने दुसरा एक्झॉन सामाईक असूनही तो वेगळ्या वाचन-चौकटीत (तीन-तीन अक्षरांचे गट वेगळ्या ठिकाणाहून सुरू करून) वाचतात, म्हणून एकाच्या नोंदीवरून दुसऱ्यातील बदल ओळखता येत नाही.

जुळवाजुळव करताना नावावर विसंबू नये. इंट्रॉनच्या सीमा एकेक करून ताडाव्यात आणि ओळखक्रमांकातील टिंबानंतरचा आवृत्ती-अंक टाकून देऊ नये, कारण आवृत्ती बदलली की क्रमही बदललेला असू शकतो. संदर्भ जीनोमाच्या २००९ च्या जीआरसीएच३७ या आवृत्तीवरचे स्थान २०१३ च्या जीआरसीएच३८ वर आधी रूपांतरित करावे लागते. जनुकांची स्थाने नोंदवण्याच्या बेड या प्रकारच्या फाइलमध्ये मोजणी शून्यापासून आणि जीटीएफ या प्रकारात एकापासून सुरू होते, एवढ्यानेही सगळ्या एक्झॉनची सुरुवात एका बेसने सरकते.