रा-नुकी (जपानी भाषा)

जपानीत 'करता येतं' या अर्थाच्या क्रियापदातला 'रा' गाळून बोलायची पद्धत, म्हणजे 'ताबेरारेरु' (खाता येतं) ऐवजी 'ताबेरेरु'. एन-१ पातळीला (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतली सगळ्यात वरची पातळी) पोचलेल्या परक्या विद्यार्थ्यांच्या चुकांमध्ये ही धरायची का नाही यावर वाद आहे, कारण खुद्द जपानी लोक रोज असंच बोलतात.

सुरुवात साधारण १९२० च्या दशकाच्या आसपासची मानतात, तोक्योच्या आधी जपानच्या चुबू आणि चुगोकु भागांतल्या बोलींत हे होतं असंही मांडलं जातं. कारणांबद्दल दोन-तीन मतं आहेत. एक म्हणजे 'योमु' (वाचणे) चं 'योमेरु' (वाचता येतं) होतं त्याच्या देखादेखी इकडेही छोटं रूप आलं. दुसरं, '-रारेरु' हा एकच प्रत्यय कर्मणी, आदरार्थी आणि शक्यता अशी सगळी ओझी वाहतो, त्यातलं एक वेगळं झालं तर बोलणाऱ्याचीच सोय. भाषाशास्त्रज्ञ इनोउए फुमिओ यांच्या मते 'रा' पडतच नाही, पडतो तो 'आर' हा तुकडा (ताबे-र-आरे-रु, ताबे-र-ए-रु), आणि 'योमारेरु' या लांब रूपाचं 'योमेरु' पण याच हिशोबात बसतं, त्यामुळे हे जास्त पटण्यासारखं आहे.

१९९५ साली राष्ट्रभाषा परिषदेने (कोकुगो शिंगिकाइ) औपचारिक प्रसंगी हे रूप मान्य करणं अवघड आहे असं म्हटलं. पण पुढे जपान सरकारच्या सांस्कृतिक विभागाच्या २०१५ सालच्या पाहणीत 'मिरेता' (बघता आलं, 'रा' गाळून) म्हणणारे ४८.४ टक्के आणि 'मिरारेता' म्हणणारे ४४.६ टक्के निघाले, म्हणजे 'चूक'च पुढे गेली! त्याच पाहणीत 'कांगाएरेनाइ' ('कांगाएरारेनाइ' म्हणजे 'विचार करता येत नाही' याचं 'रा' गाळलेलं रूप) म्हणणारे मात्र आठेक टक्केच, लांब क्रियापदांत 'रा' अजून टिकून आहे. टीव्हीवर तर माणूस 'मिरेरु' म्हणतो आणि खाली पट्टीत 'मिरारेरु' छापून येतं, आपल्याकडे बोलताना 'केलं' आणि छापताना 'केले' तसंच काहीसं.

शिकणाऱ्याची खरी पंचाईत 'किरु'सारख्या जोड्यांत होते. कापणे या अर्थाच्या 'किरु'चं 'किरेरु' एकदम बरोबर, पण अंगात घालणे या अर्थाच्या 'किरु'चं 'किरारेरु' हवं, तिथे 'किरेरु' म्हटलं की रा-नुकी. सुराचा बारीक फरक सोडला तर कानाला दोन्ही सारखंच. याच्या उलट, 'रा' गाळायचा नाही हा नियम पक्का पाठ असलेला विद्यार्थी 'शाबेरेरु' (बोलता येतं) हे मुळात शुद्ध रूप ऐकून बिचकतो आणि उगाच 'शाबेरारेरु' करतो. ही मात्र सरळ चूक, फक्त ती जास्त शिकल्यामुळे होते. 'योमेरेरु' (रे-तासु, म्हणजे 'योमेरु'त जादा 'रे') आणि 'योमासासेते इतादाकिमासु' (सा-इरे, म्हणजे 'वाचतो' असं नम्रपणे सांगताना जादा 'सा') हीसुद्धा याच सीमेवरची रूपं.

जेएलपीटीत बोलायची किंवा निबंधाची परीक्षाच नसल्याने एन-१ पास झालेल्याची ही सवय तिथे पकडली जात नाही, ती दिसते थेट ऑफिसच्या मेलमध्ये, आणि तिथे जपानी सहकाऱ्याचं 'मिरेरु' खपून जातं, परक्याचं मात्र लाल होऊन परत येऊ शकतं.